फॅशन जाहिरातींतील शरीरप्रतिमांचे संगणकीय फेरफार

फॅशन जाहिरातींतील शरीरप्रतिमांचे संगणकीय फेरफार म्हणजे कपडे, दागिने, सौंदर्यप्रसाधने इत्यादींच्या जाहिरातींसाठी काढलेल्या छायाचित्रांत मॉडेलच्या शरीराचा आकार, प्रमाण, त्वचा किंवा वर्ण संगणकाच्या साहाय्याने बदलण्याची प्रथा होय. या कामाला व्यवसायात ‘रिटचिंग’ म्हणतात. बोलण्यात ‘फोटोशॉप करणे’ असे क्रियापदच रूढ झाले आहे. अशा चित्रांमुळे पाहणाऱ्यांमध्ये, विशेषतः किशोरवयीन मुलींमध्ये, स्वतःच्या शरीराविषयी असमाधान निर्माण होते आणि ते आहारविकारांना पोषक ठरते, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर व पालक यांच्याकडून घेतला जातो. इस्रायल, फ्रान्स आणि नॉर्वे या देशांनी फेरफार केलेल्या जाहिरातींवर तशी सूचना छापणे कायद्याने बंधनकारक केले आहे.

पार्श्वभूमी

छायाचित्र सुधारून घेण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच युरोपातील स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल व ब्रश चालवून सुरकुत्या आणि डाग पुसले जात. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या चित्रसंस्थांनी तारे-तारकांच्या छायाचित्रांसाठी या कामाचे वेगळे कारागीरच ठेवले होते. भारतातील जुन्या फोटो स्टुडिओंतही ‘टच-अप’ करणारे कसबी हात असत. विवाहासाठी स्थळाकडे पाठवायच्या फोटोवरून तो हात हमखास फिरे.

या जुन्या पद्धतीला मात्र मर्यादा होती. पेन्सिलीने चेहरा नितळ करता येई, पण शरीराची ठेवण बदलणे फार कष्टाचे होते. १९९० साली ‘फोटोशॉप’ ही संगणकप्रणाली बाजारात आली, तेव्हापासून चित्राचा प्रत्येक बिंदू बदलता येऊ लागला. २००० साली तिच्या सहाव्या आवृत्तीत ‘लिक्विफाय’ नावाचे साधन समाविष्ट झाले. या साधनाने चित्राचा हवा तो भाग ओल्या मातीसारखा आत ढकलता, बाहेर ओढता किंवा फुगवता येतो. डागापासून हाडापर्यंतचा प्रवास तेथे पूर्ण झाला, असे म्हणता येईल.

फेरफारांचे स्वरूप

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील एरिक की आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २०११ मध्ये फेरफारांची तीव्रता मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. मूळ आणि बदललेली अशी ४६८ छायाचित्रांची जोडचित्रे तपासून त्यांनी प्रत्येक बदलाला १ ते ५ असा गुणांक दिला. या पद्धतीत बदलांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. भौमितिक बदलात अवयवांचा आकार व त्यांतील अंतरे बदलतात, म्हणजे कंबर आत जाते, मान व पाय लांब होतात, दंड बारीक होतात, डोळे मोठे होतात. प्रकाशमितीय बदलात आकार तोच राहतो, पण त्वचेचा पोत, छटा आणि उजेड बदलतो. त्वचेवरील रंध्रे नाहीशी करणे आणि वर्ण उजळणे हे या दुसऱ्या प्रकारात मोडते. जाहिरातीत बहुधा दोन्ही प्रकार एकत्र वापरले जातात.

याखेरीज जोडकामही चालते. एका छायाचित्रातील हात, दुसऱ्यातील केस आणि तिसऱ्यातील चेहरा घेऊन एक व्यक्ती तयार केली जाते. २०११च्या अखेरीस एच अँड एम या स्वीडिश कंपनीच्या संकेतस्थळावरील अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींत सर्व मॉडेलच्या शरीराची ठेवण हुबेहूब सारखी असल्याचे लोकांच्या लक्षात आले. ती शरीरे संगणकावर तयार केलेली असून त्यांवर खऱ्या मॉडेलचे चेहरे बसवले असल्याचे कंपनीने मान्य केले. चेहऱ्याशी जुळावी म्हणून त्वचेची छटा तेवढी बदलली होती.

यातील बहुतेक बदल सामान्य वाचकाला ओळखता येत नाहीत. जे हास्यास्पद ठरतात तेच उघडकीस येतात. २००९ साली राल्फ लॉरेन या अमेरिकी कंपनीच्या एका जाहिरातीत फिलिपा हॅमिल्टन या मॉडेलची कंबर इतकी आवळली गेली होती, की तिचे डोके कमरेपेक्षा रुंद दिसत होते. कंपनीने हे काम निकृष्ट झाल्याचे कबूल करून दिलगिरी व्यक्त केली. चित्रातील व्यक्तींनी स्वतः तक्रार केल्याचीही उदाहरणे आहेत. अभिनेत्री केट विन्स्लेट हिने २००३ मध्ये ‘जीक्यू’ मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने आपले पाय बारीक केल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. झेंडाया या अभिनेत्रीने २०१५ मध्ये एका मासिकातील आपले बदललेले व मूळ छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. ते चित्र काढले तेव्हा ती १९ वर्षांची होती, आणि तरीही तिची कंबर व नितंब बारीक करण्यात आले होते. ही दोन चित्रे मासिकांतील होती, जाहिरातींतील नव्हेत, पण दोन्हींमागचे कारागीर आणि कारागिरी सारखीच असते.

कृशता झाकणारे फेरफार

फेरफार म्हणजे नेहमी जाड माणसाला बारीक करणे, असा समज आहे. तो अपुरा आहे. २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस आणि ब्राझीलची आना कारोलिना रेस्तों या दोन तरुण मॉडेल अतिकृशतेमुळे मरण पावल्या. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सप्ताहात ठरावीक मर्यादेपेक्षा कृश मॉडेलना प्रवेश नाकारण्यात आला. तरीही कपड्यांचे नमुने अत्यंत लहान मापाचे शिवण्याची प्रथा चालूच राहिली आणि त्यांत मावणाऱ्या मुलीच छायाचित्रासाठी येत राहिल्या. ‘व्होग’च्या ब्रिटिश आवृत्तीच्या संपादिका अलेक्झांड्रा शुलमन यांनी २००९ साली मोठ्या वस्त्रनिर्मात्यांना पत्र लिहून, नमुन्यांच्या लहान मापामुळे मॉडेल अधिक भरलेल्या दिसाव्यात म्हणून छायाचित्रे बदलून घ्यावी लागतात, असे कळवले होते. ‘कॉस्मोपॉलिटन’च्या माजी संपादिका लिया हार्डी यांनीही पुढे अशीच कबुली दिली.

या प्रकारात वर आलेल्या बरगड्या, गळ्याजवळची हाडे, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि विरळ केस पुसले जातात. बारीक कंबर व लांब पाय मात्र तसेच ठेवले जातात. उपासमारीची सर्व लक्षणे काढून टाकलेली उपासमार वाचकासमोर येते. इतके कृश असूनही माणूस टवटवीत राहू शकतो असे ते चित्र सांगते. या विषयावरील बहुतेक चर्चा कंबर आवळण्यापाशीच थांबते. वस्तुतः आरोग्याच्या दृष्टीने अधिक घातक चित्र हे दुसरेच म्हटले पाहिजे, कारण त्यात धोक्याची खूणच मिटवलेली असते.

पाहणाऱ्यांवरील परिणाम

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. मोजण्याचे निश्चित साधन नसेल तेथे माणूस इतरांशी तुलना करून स्वतःचे मूल्य ठरवतो, असे तो सिद्धांत सांगतो. शरीर पुरेसे चांगले आहे की नाही हे सांगणारी फूटपट्टी नसते, म्हणून ते आजूबाजूच्या शरीरांशी ताडून पाहिले जाते. पूर्वी ही आजूबाजूची शरीरे घरातली, आळीतली आणि शाळेतली होती. जाहिरातींनी त्यांत अशी शरीरे मिसळली, जी प्रत्यक्षात कोणाचीच नाहीत.

या विषयावरील २५ प्रयोगांचा एकत्रित आढावा ग्रोझ, लेव्हिन आणि मर्नन या संशोधकांनी २००२ साली घेतला. कृश मॉडेलची चित्रे पाहिल्यानंतर स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे मत, सामान्य बांध्याच्या व्यक्तींची किंवा वस्तूंची चित्रे पाहणाऱ्यांच्या तुलनेत, खालावल्याचे त्यात दिसून आले. १९ वर्षांखालील मुलींत आणि आधीपासून शरीराविषयी हळव्या असलेल्यांत हा परिणाम अधिक होता. प्रत्यक्ष फेरफारांवरचा एक प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ ते १८ वयाच्या १४४ मुलींपैकी काहींना मुलींची मूळ छायाचित्रे व काहींना त्यांचीच बदललेली रूपे दाखवण्यात आली. बदललेली चित्रे पाहिलेल्या मुलींचे, विशेषतः इतरांशी तुलना करण्याची सवय असलेल्या मुलींचे, शरीराविषयीचे समाधान कमी झाले. रंगछटांचे बदल मुलींच्या लक्षात आले. शरीराचा आकार बदलला आहे हे मात्र त्यांना फारसे ओळखता आले नाही.

या चर्चेत फिजी बेटांचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथील नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. या समाजात भरलेले शरीर हे सुस्थितीचे लक्षण मानले जाई. ॲन बेकर या संशोधिकेने १९९५ व १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहारविषयक विकृतीची लक्षणे दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या, १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के होत्या. ही पाहणी लहान होती आणि ती दूरचित्रवाणीविषयी होती, छायाचित्रांतील फेरफारांविषयी नव्हे. त्यामुळे ती थेट पुरावा म्हणून वापरता येत नाही. बाहेरून आलेली शरीरप्रतिमा जुनी मापे किती लवकर बदलू शकते, एवढे मात्र तीवरून दिसते.

ॲनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न टाळण्याचा विकार, हा केवळ चित्रे पाहून होत नाही. आनुवंशिकता, स्वभाव, घरातील वातावरण व मानसिक आघात यांचा त्यात मोठा वाटा असतो. काही संशोधकांच्या मते प्रसारमाध्यमांचा परिणाम मुख्यतः आधीच असमाधानी असलेल्यांवर होतो आणि बाकीच्यांवर तो नगण्य असतो. हा आक्षेप योग्य धरला तरी जाहिरात छापणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. आपली जाहिरात कोणत्या मुलीच्या हाती पडणार आहे, हे त्याला निवडता येत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने २०११ मध्ये जाहिरातींतील अशा फेरफारांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे आवाहन केले.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या चित्रांत खांदे रुंद केले जातात आणि पोटाचे स्नायू उठावदार करून दाखवले जातात. संशोधनाचा भर मात्र आजवर स्त्रियांवरच राहिला आहे.

दिशाभूल की हानी

या प्रश्नात कायद्याची एक जुनी अडचण आहे. जाहिरातविषयक नियम प्रामुख्याने ग्राहकाची फसवणूक रोखण्यासाठी बनलेले असतात. वस्तूविषयी खोटा दावा केला की नियम लागू होतो. ब्रिटनमधील ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी या नियामक संस्थेचे निर्णय पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. डिसेंबर २००९ मध्ये तिने डोळ्यांभोवती लावायच्या ओले क्रीमची जाहिरात बंद केली. त्यात १९६०च्या दशकातील प्रसिद्ध मॉडेल ट्विगी हिच्या डोळ्यांभोवतालच्या सुरकुत्या पुसण्यात आल्या होत्या. क्रीमच्या गुणाविषयी दिशाभूल होते, हे संस्थेला पटले. मात्र या जाहिरातीने समाजाची हानी होते हा तक्रारीचा दुसरा भाग तिने फेटाळला.

जुलै २०११ मध्ये खासदार जो स्विन्सन यांच्या तक्रारीवरून लँकोम आणि मेबलिन यांच्या दोन जाहिराती बंद झाल्या. पहिलीत अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन. ज्युलिया रॉबर्ट्स हिचे मूळ छायाचित्र नियामक संस्थेलाही दाखवण्यात आले नाही. तिच्याशी झालेल्या करारामुळे ते दाखवता येत नाही, असे कारण देण्यात आले. येथेही दोष ठरला तो प्रसाधनाचा परिणाम फुगवून दाखवल्याचा.

कपड्याच्या जाहिरातीत हा मार्ग बंद होतो. तेथे विकायचा असतो झगा किंवा जीन्सची पँट, शरीर नव्हे. शरीराविषयी कोणताही दावा केलेला नसतो, त्यामुळे तो खोटा ठरवता येत नाही. अतिकृश दिसणाऱ्या मॉडेलमुळे ब्रिटिश संस्थेने २०१५ मध्ये इव्ह सँ लोराँ आणि २०१६ मध्ये गुची यांच्या जाहिरातींवर कारवाई केली, पण तो आक्षेप मॉडेलच्या दिसण्यावर होता, संगणकीय फेरफारांवर नव्हता.

सूचना छापण्याचे कायदे

ही अडचण ओलांडण्यासाठी काही देशांनी चित्र बदलले असल्याची सूचनाच बंधनकारक केली. पहिला कायदा इस्रायलचा. तो मार्च २०१२ मध्ये संमत झाला व जानेवारी २०१३ पासून लागू झाला. मॉडेलच्या वतीने काम करणारे छायाचित्रकार अदी बरकान यांनी त्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले आणि व्यवसायाने डॉक्टर असलेल्या खासदार राखेल अदातो यांनी तो संसदेत मांडला. मॉडेलचा शरीरवस्तुमान निर्देशांक किमान १८.५ असला पाहिजे, अशी त्यात अट आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १७५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन त्यानुसार सुमारे ५७ किलोग्रॅम तरी हवे. छायाचित्रात शरीर बारीक केले असल्यास तशी सूचना जाहिरातीच्या किमान ७ टक्के जागेत छापावी लागते.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शरीराचा आकार बारीक किंवा जाड केलेल्या व्यापारी छायाचित्रांवर ‘फोतोग्राफी रतुशे’, म्हणजे ‘फेरफार केलेले छायाचित्र’, असे शब्द लिहावे लागतात. तसे न केल्यास ३७,५०० युरो दंड होतो. जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत तो वाढवता येतो. केसांचा रंग बदलणे किंवा त्वचेवरील डाग पुसणे यांना ही अट लागू नाही. त्याच दिवसापासून गेटी इमेजेस या छायाचित्रे पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीनेही शरीराचा आकार बदललेली चित्रे स्वीकारणे थांबवले. एका देशाच्या कायद्याने जागतिक व्यापारात बदल झाल्याचे हे ठळक उदाहरण आहे. नॉर्वेचा कायदा १ जुलै २०२२ पासून लागू झाला. तो अधिक व्यापक आहे. शरीराचा आकार व आकारमान यांबरोबर त्वचेतील बदलही त्यात येतात, आणि पैसे घेऊन समाजमाध्यमांवर प्रसिद्धी करणाऱ्या व्यक्तींनाही तो बांधील धरतो.

सूचनेची परिणामकारकता

चित्र खोटे आहे हे कळले की पाहणारा तुलना करणार नाही, या गृहीतकावर हे कायदे उभे आहेत. प्रयोगांनी त्याला फारसा आधार दिलेला नाही. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिका टिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूचना असलेल्या व नसलेल्या जाहिराती स्त्रियांना दाखवून अनेक प्रयोग केले. सूचनेमुळे शरीराविषयीचे असमाधान कमी झाल्याचे त्यांना सामान्यतः आढळले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपण्यात आले. कोणता अवयव बदलला आहे हे सूचनेत लिहिले असेल तर नजर नेमकी त्याच अवयवाकडे वळत होती.

याचे कारण समजण्यासारखे आहे. तुलना ही विचारपूर्वक केलेली कृती नसते. चित्र पाहताक्षणी ती घडून जाते, कोपऱ्यातील बारीक अक्षरे नंतर वाचली जातात. शिवाय चित्र खोटे असले, तरी असेच दिसणे चांगले असते हा त्यातला संदेश खोटा ठरत नाही. म्हणून काहींनी सूचनेऐवजी फेरफारच टाळण्याचा मार्ग धरला. अमेरिकेतील एरी या अंतर्वस्त्रांच्या कंपनीने २०१४ पासून आपल्या मॉडेलची छायाचित्रे न बदलता छापण्यास सुरुवात केली. सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये उलटी खूण आणली, म्हणजे ज्या चित्रात बदल केलेला नाही त्यावर शिक्का. कायद्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र उरतो. खूण छापण्याची लाज वाटून जाहिरातदार चित्र बदलायचेच टाळेल, अशी शक्यता असते, आणि तसे झाले तर लाभ वाचकाला सूचना वाचूनच व्हायला हवा असे नाही.

भारतातील स्थिती

फेरफार केलेल्या छायाचित्रांवर सूचना छापण्याचा कायदा भारतात नाही. येथील वादाचा केंद्रबिंदू आकारापेक्षा वर्ण हा राहिला आहे. ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द विवाहविषयक छोट्या जाहिरातींत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून छापले जात होते. रिटचिंगने त्या अपेक्षेला चित्ररूप दिले, एवढेच. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या जाहिरातींत वर्ण पायरीपायरीने उजळत गेलेले चेहरे दाखवले जात. २०२० मध्ये टीकेनंतर त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. याच उद्योगसमूहाच्या ‘डव्ह’ या साबणाने २००६ मध्ये ‘इव्होल्यूशन’ ही छोटी चित्रफीत काढून, सामान्य चेहऱ्याचा फलकावरील चेहरा कसा बनतो हे जगाला दाखवले होते. एकाच समूहाच्या या दोन जाहिरातींतील विसंगतीवर टीकाकारांनी अनेकदा बोट ठेवले आहे.

मुंबईत मुख्यालय असलेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही जाहिरात उद्योगाची स्वयंनियामक संस्था १९८५ साली स्थापन झाली. सावळ्या व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नयेत, असा नियम तिने २०१४ मध्ये केला. २०२२ मध्ये तिने लिंगभेदी साचे टाळण्याविषयीही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एखाद्याची शरीरयष्टी रूढ आदर्शाप्रमाणे नाही म्हणून तो आयुष्यात मागे पडतो, असे जाहिरातीने सुचवू नये, असे त्यांत म्हटले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, मुलांमध्ये स्वतःच्या शरीराविषयी नकारात्मक प्रतिमा निर्माण करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. हे सर्व नियम जाहिरात काय सुचवते याविषयी आहेत. चित्र कसे बनवले, हा प्रश्न त्यांत थेट येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर

२०२३ मध्ये लिव्हाइस या जीन्स बनवणाऱ्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली मॉडेल वापरून पाहणार असल्याचे जाहीर केले आणि तिच्यावर टीका झाली. ‘व्होग’च्या अमेरिकी आवृत्तीच्या ऑगस्ट २०२५च्या अंकात गेस या कंपनीच्या जाहिरातीत पूर्णतः अशा पद्धतीने बनवलेली तरुणी झळकली. ती खरी नसल्याचे पानावर बारीक अक्षरांत छापले होते. अशा चित्रांनी सूचनेच्या कायद्यांपुढे नवा पेच उभा केला आहे. फेरफार म्हणायचे तर आधी मूळ छायाचित्र असावे लागते. येथे मूळ छायाचित्र नाही आणि ज्युलिया रॉबर्ट्स हिच्याप्रमाणे करार करायला किंवा केट विन्स्लेट हिच्याप्रमाणे तक्रार करायला चित्रातील व्यक्तीही नाही.